येळ अमावस्येची नोंद

१

बसू मेला बुधवारी सकाळी दहाला, भर उजेडात, अठरा माणसांच्या देखत. भीमाकाठच्या एका साखर कारखान्यात ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्यात अडकलेली मोळी काढायला तो आत उतरला होता. रीतीप्रमाणे त्याचा आत उतरायचा परवाना संगणकात उघडला होता. परवाना उघडा असेपर्यंत पट्ट्याला कुलूप, बटण दाबलं तरी तो हलायचा नाही, अशी व्यवस्था त्या प्रोग्रॅममध्ये अकरा वर्षं होती. बुधवारी कुणीतरी बटण दाबलं आणि पट्टा सुरू झाला.

पुढचं मी सांगणार नाही. त्याच्या बायकोला, दानेश्वरीला, त्याचं तोंड दाखवलं नाही एवढं पुरे.

शनिवारी सकाळी मला इंद्रजीतचा फोन आला. "मॅडम, गुन्हेगार सापडलाय. बाहेरच्या माणसाचा अहवाल हवा म्हणून कारखाना अडून बसलाय. तुम्ही या, नोंद बघा आणि सही करा. पाच वाजता पोलीस येणार आहेत."

मी वैजयंती. तीस वर्षं सोलापुरात पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवलं, आता निवृत्तीनंतर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या भानगडी निस्तरते. इंद्रजीत माझाच विद्यार्थी. हुशार, जिभेवर साखर, आणि शेजाऱ्याच्या वहीतलं उतरवताना एकदाही न सापडलेला. होटगी रस्त्यावर 'धागाबंध सिस्टिम्स' नावाची त्याची कंपनी आहे.

तिचं काम आधी समजून घ्या. मोठ्या संस्थांचे प्रोग्रॅम ज्या ठरलेल्या पद्धतीनं लिहितात, ती पद्धत दर काही वर्षांनी बदलते. जुना प्रोग्रॅम नव्या पद्धतीत आणला नाही तर एक दिवस तो चालायचा बंद होतो. लाखभर ओळी हातानं कोण बदलणार? म्हणून इंद्रजीतनं एक टूल केलं आणि नाव ठेवलं 'सांधणी'. मागावरचा ताणा संपला की नव्या ताण्याचे धागे जुन्याला सांधतात, तसं. जिल्ह्यातले पाच कारखाने ते वापरतात.

सांधणीत सव्वाचारशे नियम आहेत. बहुतेक जागी ती जुनी ओळ काढून नवी आपणच लिहिते. धोक्याच्या जागी मात्र थांबते, लाल खूण करते आणि माणसाला विचारते. दोनशे बारावा नियम असा थांबणारा होता. परवाना उघडणं आणि कुलूप लागणं ही दोन्ही कामं बरोबरच व्हावीत, नाहीतर एकही होऊ नये, ही हमी नव्या पद्धतीत वेगळ्या तऱ्हेनं द्यावी लागते. तिथं माणसानंच डोकं घालायला हवं. कुणीतरी त्या नियमातलं 'थांब' काढून 'चाल' केलं होतं. मग सांधणी न विचारता पुढं गेली. त्यानंतर दोन परवाने एकाच वेळी उघडले की एकाचं कुलूप लागेना, आणि बुधवारी ते एक बसूचं होतं.

इंद्रजीतनं पडद्यावर नोंद दाखवली. बदल तीस डिसेंबरचा, दुपारी बारा चाळीसचा. लॉगिन ऑफिसातल्या सिद्धेश्वरचं, पण संगणक त्याच्या हाताखालच्या अंकिताचा.

"तीस डिसेंबर म्हणजे येळ अमावस्या," तो म्हणाला. "सिद्धेश्वर अक्कलकोटकडचा. धनलक्ष्मी पण तिकडचीच. त्या दिवशी ही माणसं शेतात जेवायला जातात, ऑफिस ओस पडतं. मीही बाहेरगावी होतो. मागं राहिली फक्त अंकिता. ती जेऊरची, त्यांच्याकडं हे फारसं नाही. अडलंनडलं तर म्हणून सिद्धेश्वर दरवर्षी मागं राहणाऱ्याला आपला पासवर्ड देऊन जातो. आता तुम्हीच सांगा, दुसरं कोण?"

नोंद इतकी स्वच्छ होती की मला लगेच शंका आली.

२

अंकिताला मागच्या खोलीत बसवलं होतं. वय चोवीस. पुढ्यात टाइप केलेला कबुलीजबाब, त्यावर पेन. शेजारी तिचा बाप कोंडीबा. उजनीच्या पाण्यावर केळी पिकवणारा माणूस, चपला बाहेर काढून आलेला. इंद्रजीतनं त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, पोरीवर दाब यावा म्हणून.

"सही कर बाई," कोंडीबा म्हणत होता. "चुकून झालं म्हन. सोडत्याल म्हनत्यात सायेब."

"सोडणार नाहीत," मी म्हणाले. "सही केली की सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागेल. तुम्ही बाहेर बसा."

मला असं तोडून बोलायची सवय आहे. म्हातारा उठला आणि भिंतीला धरून बाहेर गेला.

"नियम तू बदललास?"

"न्हाय, मॅडम."

"बारा चाळीसला कुठं होतीस?"

तिनं काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर सिद्धेश्वर मान खाली घालून बसला होता. शेहेचाळीस वर्षांचा, सांधणीतले निम्मे नियम ज्यानं लिहिले तो माणूस. पोरीला इथलं सगळं काम त्यानंच शिकवलं होतं.

"हितंच. ऑफिसात."

"जेवलीस काय?"

"डबा हुता."

"डब्यात काय होतं?"

तिचे डोळे पुन्हा काचेकडं गेले.

"खोटं बोलायला अक्कल लागते," मी म्हणाले, "तुझ्याकडं ती नाही. कुणासाठी बोलतेयस ते सांग, नाहीतर संध्याकाळी बापाला पोलीस ठाण्याचा पत्ता शोधत फिरावं लागेल."

ती रडली नाही. "सर सांगतील की," एवढंच म्हणाली. "मला वाटतंय सर सांगतील."

तीन दिवस ती पोर कुणीतरी बोलायची वाट पाहत बसली होती. काय सांगायचं आहे ते मात्र तिच्या तोंडून निघेना.

३

बाहेरच्या बाकावर एक माणूस मांडीवर फाईल घेऊन बसला होता. सकाळपासून बसून होता, पण त्याला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. तो कारखान्याचा संगणक सांभाळणारा तिप्पण्णा.

"मी केलं बगा मॅडम," त्यानं नाव सांगायच्या आधीच सांगितलं. "सांदणी मीच चालवली. बसूला मीच खाल्लं."

"छाती नंतर बडवा. केव्हा चालवली?"

"आट जानेवारीला. पर त्याच्या आदी एकदा चालवून बगितली हुती. तवा लई थांबत हुती ती. एकेचाळीस जागी लाल. मी म्हनलं, एवडं आपल्याच्यानं हुयाचं न्हाय, म्हनून सोडलं. मग आट तारकेला इंद्रजीत सायबांचा निरोप आला, आता एक बी थांबा न्हाय, चालवा. मला वाटलं, सुदारलं."

"ती पहिली खेप कधीची?"

त्यानं फाईल उघडली. सरकारी वळणाचा माणूस, प्रत्येक गोष्टीचा कागद काढून ठेवणारा. सांधणीनं दिलेली एकेचाळीस लाल खुणांची यादी त्यानं छापून, सहीशिक्क्यानिशी लावली होती. सव्विसाव्या ओळीला नियम दोनशे बारा होता, आणि पुढं शेरा: थांबा, माणसाला विचारा.

वर तारीख होती दोन जानेवारी.

मी ती तीनदा वाचली. सांधणी दर वेळी धागाबंधच्या ऑफिसातून ताजे नियम ओढून घेते. नियम तीस डिसेंबरला बदलला असता तर दोन जानेवारीला ती थांबलीच नसती. म्हणजे बदल नंतरचा होता. नोंदीवर वेळ संगणक घालतो हे खरं, पण जाणत्या माणसाला ती मागं सरकवता येते. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांनासुद्धा येत होतं ते.

"हा कागद कुणाला दाखवलात?"

"कुनी इचारलंच न्हाय की."

तर तारीख खोटी होती. ती अंकितानं घातली नसणार, कारण स्वतःच्या गळ्याला बसेल असा फास कुणी स्वतः विणत नाही. ती कुणीतरी येळ अमावस्या बघून, दुपार बघून, पोरगी एकटी आहे हे हेरून घातली होती. नोंदींत हात घालायचा तर सिद्धेश्वरचा पासवर्ड हवा, आणि तो पासवर्ड अख्ख्या ऑफिसला पाठ होता. राहिले ऑफिसातले चौघं.

४

पहिला सिद्धेश्वर. त्याला मी सरळ विचारलं, "अमावस्येला शेतात कोण कोण होतं?"

"आमी घरचे चार," तो टेबलाकडं बघत म्हणाला. "आन धनलक्ष्मी. पाच जण."

"अंकिता कशी मुलगी आहे?"

"लई चांगली." त्यानं टेबलावरचा कागद सरळ केला. "लई चांगली पोरगी हाय, मॅडम."

"मग तिला वाचवा."

"माझ्या हातात काय हाय?" असं म्हणून तो उठला. दाराशी क्षणभर थांबला, आणि गेलाच.

दुसरी धनलक्ष्मी, सांधणी तपासून बघणारी. तिला मी नियमांचं काही विचारलंच नाही. त्या दिवशीची मिश्र भाजी, भज्जी, आमच्याकडं कशी करतात यावर बोलायला लागले. बाई खुलली. तुरीचे ओले दाणे, हरभरा, आंबट चुका, बाजरीचे वाफवलेले उंडे, मडक्यातलं आंबील, कडब्याच्या खोपीत पांडव म्हणून मांडलेले पाच दगड, सगळं सांगितलं.

"उंडे कमी नाही पडले?"

"पडतील कसे? सहा जणांना पुरून उरले. कमलम्मांनी तर..."

ती थांबली. तिचा चेहरा पार उतरला.

"सहावं कोण?" मी विचारलं. ती खुर्ची मागं सारून उठली. मी तिच्याकडून कमलम्मांचा नंबर तेवढा मागून घेतला. कमलम्मा म्हणजे सिद्धेश्वरची आई.

तिसरा पृथ्वीराज. इंद्रजीतचा पुतण्या, गिऱ्हाईक आणायचं काम त्याचं. सहा जानेवारीला पुण्याची मोठी कंपनी 'कुठंही न थांबणारं टूल' बघायला आली ती आपणच आणली, हे त्यानं आल्या आल्या ऐकवलं. पाय पसरून बसला.

"अमावस्येला तुम्ही कुठं होता?"

"पंढरपूर रोडला एक गिऱ्हाईक होतं. प्रोजेक्टर विसरला म्हणून साडेबाराला इथं परत आलो." तो हसला. "आणि दाराला हे एवढं मोठं कुलूप! मॅडम गायब. फोन लावला तर मागं बैलाच्या घुंगरांचा आवाज."

"काकांना सांगितलं नाहीत?"

"कशाला? ऑफिस उघडं ठेवायचं असा काकांचा कडक हुकूम. अशी गोष्ट माहीत असली की माणूस हाताखाली राहतं. सांगेन काकांना म्हटलं की रविवारी पण कामाला यायची बिचारी."

"आणि आता तिच्यावर माणूस मारल्याचा आळ आहे."

"तो मी कुठं घेतलाय?" तो म्हणाला. त्याला खरंच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मी जिन्यात गेले आणि कमलम्मांना फोन लावला. सिद्धेश्वरची शिक्षिका बोलतेय म्हणाले. खोटं होतं, पण मी कुणाची ना कुणाची शिक्षिका आहेच.

"जेऊरची पोरगी?" म्हातारी म्हणाली. "आली हुती की! सिद्दूच घेऊन आला. एकलं मानूस मागं ठेवून जेवायचं नस्तंय बाई त्या दिवशी, बोलवून आनायचं आस्तंय. पांडवाफुडं बशिवलं तिला. माज्या हातनं जेवली, बंगारासारकी, सोन्यावानी पोर. भाईर पडाय चार वाजलं. का वो, काय झालं?"

"सांगते," मी म्हणाले. "थोड्या वेळानं फोन करते, उचला."

पायरीवरच बसले. संताप आवरत नव्हता. बारा चाळीसला अंकिता ऑफिसातच नव्हती. हे सिद्धेश्वरला माहीत होतं, धनलक्ष्मीला माहीत होतं, पृथ्वीराजला माहीत होतं. तिघांतल्या प्रत्येकाच्या एका वाक्यानं पोरगी सुटली असती, आणि तिघं तीन दिवस गप्प होते.

पण त्याच गोष्टीनं तिघंही सुटत होते. अंकितावर आळ घालायला खोटी वेळ निवडायची, तर ऑफिसला कुलूप होतं ती वेळ त्यांच्यातला कुणी निवडेल कशाला? बारा चाळीस त्यानंच निवडली, ज्याला वाटत होतं की अंकिता खुर्चीत बसून आहे. असा या ऑफिसात एकच माणूस उरत होता.

५

साडेचारला मी सगळ्यांना इंद्रजीतच्या खोलीत बोलावलं. कोंडीबा दाराशी उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. मी माझा फोन टेबलावर पालथा ठेवला. खोलीत शिरायच्या आधीच कमलम्मांना लावला होता आणि सांगितलं होतं, बोलू नका, ऐका. हे मी मुद्दाम केलं. त्या म्हातारीवर दया करायला हवी होती, केली नाही.

तिप्पण्णाचा कागद मी मधे ठेवला.

"दोन जानेवारीला नियम थांबत होता. आठला थांबत नव्हता. मधे काय झालं?"

इंद्रजीतनं कागद उलटा करून पाहिला.

"मी सांगते. सहा जानेवारीला पुण्याची मोठी कंपनी सांधणी बघायला आली. तिला कबूल केलं होतं की आमचं टूल कुठंही थांबत नाही. एकेचाळीस लाल खुणा दाखवल्या असत्या तर पाहुणे चहा पिऊन परत गेले असते. म्हणून थांबे काढले. इंद्रजीत, तू काढलेस, तुझ्या नावानं. बसू मेल्यावर ती नोंद पुसलीस आणि सिद्धेश्वरच्या लॉगिननं, अंकिताच्या संगणकाच्या नावानं नवी घातलीस. येळ अमावस्येची."

इंद्रजीत हसला. "आणि चाळीस महिने मेहनत करून मी माझंच टूल मोडलं?"

"मोडलं नाहीस. त्याची सावध राहायची सवय तेवढी काढून घेतलीस."

"पण मीच का? पासवर्ड सगळ्यांकडं आहे."

"कारण या तिघांना माहीत होतं की त्या दुपारी ऑफिसला कुलूप होतं. अंकिता सिद्धेश्वरच्या शेतात जेवत होती."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. हे त्याला खरोखरच नवीन होतं. पण मी म्हटलं ना, हुशार होता. क्षणात सावरला आणि सिद्धेश्वरकडं वळला.

"सिद्धेश्वर, अंकिता त्या दिवशी तुमच्या शेतात होती? नीट आठवा. ऑफिसला कुलूप लावून जाणाऱ्याला मी ठेवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मुलगा बारावीला आहे ना तुमचा?"

अंकितानं सिद्धेश्वरकडं पाहिलं. इतका भाबडा विश्वास माणसाच्या चेहऱ्यावर मी फार दिवसांनी पाहिला, आणि मला त्याची कीव आली.

"न्हाय," सिद्धेश्वर म्हणाला. "अंकिता हितंच हुती. आमी पाच जणच हुतो शेतात."

कोंडीबाच्या तोंडून बारीक आवाज निघाला. अंकिता मात्र हलली नाही.

मी फोन उलटा केला आणि स्पीकर लावला.

"सिद्दू," फोनमधून कमलम्मा म्हणाली. "पोरीला मी माज्या हातानं वाडलं. तू शेजारी बसला हुतास."

"अव्वा..."

"तुज्या बापाच्या रानात पांडव मांडले, आन त्येंच्यासमोर जेवलेल्या पोरीला न्हाय म्हनतूस? तुजं ताट हितनं फुडं मी वाडनार न्हाय."

तिनं फोन ठेवला. सिद्धेश्वर हातात तोंड घेऊन ओक्साबोक्शी रडायला लागला. त्याच्या पाठीवर कुणी हात ठेवला नाही, मीही नाही. धनलक्ष्मी म्हणाली, "होती ती शेतात. मी पण सांगते." पृथ्वीराजनं काकांकडं बघायचं टाळलं आणि कुलुपाचं सांगून टाकलं. बुडत्या नावेतून उडी मारायला त्याला अर्धं मिनिट लागलं.

"शब्द आहेत सगळे," इंद्रजीत म्हणाला.

"तू इथल्या नोंदी बदलल्यास. त्या जिथं साठवतोस त्या कंपनीकडं प्रत्येक नोंद खरोखर कधी पोचली ती वेळ वेगळी राहते. पोलिसांनी मागितली की येईल. माझ्या तासाला शिकवलं होतं मी हे. त्या दिवशी तू बहुतेक शेजाऱ्याचं उतरवत होतास."

तो मागं टेकला आणि खुर्चीत बसून राहिला.

६

कबुलीजबाबाचा कागद मी फाडला. कोंडीबानं माझ्या पायाला हात लावला, तो मला नको होता. मी स्वतःवर खूश होते, खोटं कशाला बोलू? गुंता सोडवला होता, पोलीस यायला दहा मिनिटं होती. मी मनात अहवालाची पहिली ओळ जुळवत होते.

अंकिता उठली. मला वाटलं, ती बापाकडं जाईल किंवा सिद्धेश्वरला चार शब्द सुनावेल. तिनं टेबलावरचा ऑफिसचा फोन ओढला आणि तिप्पण्णाला विचारलं, "तुमी परवाने कागदावर घ्यायला लागलात का?"

"बुधवारपासनंच. हातानं कुलूप घालतोय."

"बाकीच्या चार कारखान्यांना कुनी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. नियम कुणी बदलला हे शोधण्यात तीन दिवस गेले होते. तो बदललेला नियम घेऊन आणखी चार कारखाने चालू होते, भर हंगामात, तीन पाळ्यांत. इंद्रजीतनं कळवलं नव्हतं, कारण बोभाटा झाला असता. सिद्धेश्वरनं नाही, पृथ्वीराजनं नाही. मी तीस वर्षांची मास्तरीण, सकाळपासून सगळ्यांची अक्कल काढत फिरणारी, मलाही सुचलं नव्हतं.

"मला कोंडून घातलं तवा फोन काडून घेतला हुता," अंकिता म्हणाली. "मी इंद्रजीत सरांना सांगितलं हुतं, आदी त्यास्नी कळवा. ते म्हनले, कळवलंय."

तिनं पहिला नंबर लावला. परवाने कागदावर घ्या, संगणकातल्या कुलपावर विसंबू नका, मुख्य स्विच हातानं काढल्याशिवाय माणूस आत सोडू नका. तेच दुसऱ्या ठिकाणी सांगितलं. आवाज सरळ होता.

तिसऱ्या ठिकाणी फोन उचलणारा माणूस मधेच म्हणाला, "थांबा थांबा. आत्ताच दोन परवाने काडल्यात. आत माणसं हायत."

पलीकडं फोन आपटला आणि कुणीतरी धावत गेल्याचा आवाज आला. मग नुसती गिरणीची घरघर. पोलीस दारात आले, त्यांनाही कुणी काही सांगितलं नाही. सिद्धेश्वरचं रडणं थांबलं. कोंडीबानं भिंतीला पाठ लावली आणि हात जोडले.

चार मिनिटं गेली.

"काडली दोघं भाईर," पलीकडचा माणूस धापा टाकत म्हणाला. "कुलूप एकालाच लागलं हुतं. कोन बोलतंय म्हनायचं?"

"अंकिता," ती म्हणाली, आणि चौथा नंबर लावू लागली.